‘उत्तम दर्जा, वाजवी दर’च्या पुढे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून फेरी मारली, की दुकानांच्या पाट्यांवर तीच तीन वचनं पुन्हा पुन्हा भेटतात: उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा. किराणा असो, फर्निचर असो, बोअरवेलवाला असो की मंडप डेकोरेटर, मजकूर ठरलेला. दुकानदार खोटं बोलत असतो असं मुळीच नाही. बहुतेकांचा माल चांगला असतो, दरही रास्त असतो. पण शेजारच्या पाटीवरही तेच लिहिलेलं असतं, आणि सगळेच जे म्हणतात त्यावरून गिऱ्हाइकाला कुणाकडे जायचं ते ठरवता येत नाही.

नवं गिऱ्हाईक पाटी, हँडबिल किंवा व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर वाचतं तेव्हा त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. हे माझ्या उपयोगाचं आहे का? आणि असेल, तर मी यावर विश्वास का ठेवू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरेच विक्रेते कसंबसं देतात. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र भले भले विशेषणांची रास ओततात. खरं तर विश्वास बसतो तो तपशिलावर, आणि त्यातही वाचणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावर घासून पाहता येईल अशा तपशिलावर. जाहिरातीच्या धंद्यातल्या जाणत्यांनी हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

त्यातला एक होता क्लॉड हॉपकिन्स. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १८६६ साली जन्मलेला हा माणूस पुढे आपल्या काळातला सर्वांत नावाजलेला जाहिरात-लेखक झाला. विसावं शतक उजाडण्याच्या सुमाराला त्याच्याकडे मिलवॉकी शहरातल्या श्लिट्झ या बिअर कंपनीचं काम आलं. त्या काळी अमेरिकेतला प्रत्येक बिअरवाला ‘आमची बिअर शुद्ध’ एवढंच सांगत असे. कुणी तो शब्द मोठ्या अक्षरांत छापी, कुणी त्यासाठी मासिकाची समोरासमोरची दोन पानं घेई. लोकांवर परिणाम शून्य.

हॉपकिन्सने लिहायला बसण्याआधी कारखाना पाहायला मागितला. तिथे त्याने काचेच्या भिंतींच्या खोल्या पाहिल्या. त्यांच्या आत नळ्यांवरून बिअर ओघळत गार होत होती, आणि धुळीचा कणही मिसळू नये म्हणून खोल्यांमध्ये गाळलेली हवा सोडलेली होती. पंप आणि नळ दिवसातून दोनदा धुतले जात होते. बाटली भरण्यापूर्वी चार वेळा यंत्राने साफ होत होती. मिशिगन सरोवर अगदी जवळ असूनही पाण्यासाठी चार हजार फूट खोल विहिरी खणलेल्या होत्या. ज्या मूळ पेशीपासून कंपनीचं यीस्ट तयार होई, ती बाराशे प्रयोगांनंतर हाती आलेली होती. हे सारं लोकांना का सांगत नाही, असं त्याने चालकांना विचारलं. उत्तर आलं की त्यात सांगण्यासारखं काय आहे, चांगली बिअर करणारे सगळेच असं करतात.

हॉपकिन्सने नेमकं तेच छापलं. खोल्या, हवा, विहिरी, चार वेळा धुतलेल्या बाटल्या. श्लिट्झच जगावेगळं काही करते असा दावा त्याने केला नाही, फक्त शुद्ध म्हणजे काय ते दाखवून दिलं. आत्मचरित्रात तो सांगतो की विक्रीत पाचव्या क्रमांकावर असलेली श्लिट्झ काही महिन्यांतच पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आली. तेच सगळं करणारे बाकीचे कारखाने पेचात सापडले. आता त्यांनी तोंड उघडलं असतं तर ती नक्कल ठरली असती.

या गोष्टीत कारखान्याच्या चालकांचं उत्तर सगळ्यांत बोलकं आहे. आपल्या कामातली जी गोष्ट गिऱ्हाइकाला थक्क करील ती आपल्याला रोजची झालेली असते, म्हणून ती सांगायचं सुचतच नाही.

या आंधळेपणाचा अभ्यासही झाला आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या माहितीतली गाणी देऊन टेबलावर बोटांनी नुसता ठेका धरायला सांगितला, आणि समोर बसलेल्यांनी ते गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा ठेका धरणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी तीन ओळखली गेली. ठेका धरणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सारं घुमत असतं; समोरच्याला ऐकू येते फक्त टकटक. ‘थ्री फेज’, ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘आयएसओ प्रमाणित’ असे शब्द पत्रकात टाकणारा विक्रेता असाच ठेका धरून बसलेला असतो. त्याला पूर्ण गाणं ऐकू येत असतं.

उलट उदाहरण १९८५ सालचं. हीरो होंडाने सीडी १०० ही मोटरसायकल भारतात आणली तेव्हा तिचं तांत्रिक वैशिष्ट्य होतं फोर-स्ट्रोक इंजिन. तोवर रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर आणि मोटरसायकली टू-स्ट्रोक होत्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, धूर सहन करायचा आणि महिनाअखेरीला पेट्रोलच्या खर्चाचा हिशेब करत बसायचं, हे गाडीवाल्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. कंपनीची जाहिरात इंजिनाच्या रचनेवर बोलत बसली नाही. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ एवढे सहा शब्द, आणि जोडीला लिटरमागे ऐंशी किलोमीटरचा आकडा. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. स्ट्रोक म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसालाही यातून आपल्या आयुष्यात काय बदलणार ते कळत होतं. २००१ मध्ये ॲपलने आयपॉड आणला तेव्हाही हीच युक्ती होती. पाच गिगाबाइट म्हणजे किती ते फार थोड्यांना समजलं असतं. खिशात हजार गाणी म्हटल्यावर कुणाला काही समजावावं लागलं नाही.

गिऱ्हाइकाच्या मनात नुसतं अज्ञान नसून भीती असते, तेव्हा काम आणखी अवघड होतं. मराठी उद्योगाच्या इतिहासात याचा मोठा दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा आहे. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लोखंडी नांगर. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्यांची अशी समजूत होती की लोखंड लागलं की जमिनीला विष होतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं किर्लोस्करांच्या उद्योगाच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

अशा शेतकऱ्यापुढे ओतकामाची प्रत आणि फाळाचा टिकाऊपणा यांचं कितीही वर्णन केलं तरी ते वाया जाणार. त्याचा प्रश्न निराळाच होता: माझी जमीन बिघडली तर? वर्षाचं पीक, सावकाराचं देणं, घरातली तोंडं, सगळं त्या एका जमिनीवर अवलंबून असलेल्या माणसाची ती भीती होती, आणि तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्याचा नांगर कधीच खपला नसता. लाकडी नांगर माती ओरखडतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलटी करतो आणि हराळीच्या मुळ्या उपटून वर आणतो. हे सांगून पटत नाही, शेजारच्या वावरात दिसावं लागतं. म्हणून जिथे भीती आहे तिथे विक्रीच्या मजकुराने आधी त्या भीतीचं नाव घ्यावं, आणि मग डोळ्यांनी पाहण्याची सोय कुठे आहे ते सांगावं. किर्लोस्करांनी पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. कारखान्याची माहिती देणारं हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत पोचलं. माल विकणाऱ्याने वाचकाशी सतत, समजेल अशा मराठीत बोलत राहायचं, याचा एवढा मोठा प्रयोग दुसरा सापडणं कठीण.

किमतीचा मुद्दा आला की मात्र बहुतेक विक्रेते गडबडतात. महाग माल विकणारा किंमत लपवतो, स्वस्त विकणारा ती एवढी ओरडून सांगतो की मालाबद्दलच शंका यावी. भारतातली या विषयावरची सर्वांत गाजलेली लढत धुण्याच्या पावडरींची. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी खात्यात नोकरी करत होते. १९६९ मध्ये त्यांनी घरामागच्या जागेत पिवळी पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली आणि मुलीच्या नावावरून तिला निरमा हे नाव दिलं. किंमत सर्फच्या चौथाईच्या आसपास. घरच्या बाईला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. कपडे निघतात आणि पैसे वाचतात.

सर्फ विकणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला उत्तर द्यायचं होतं. ऐंशीच्या दशकात लिंटास या जाहिरात संस्थेत अलेक पदमसी यांच्या देखरेखीखाली ललिताजी जन्माला आली. कविता चौधरी यांनी उभी केलेली ही गृहिणी बाजारात घासाघीस करणारी, पैशाचा हिशेब ठेवणारी होती. ती सर्फच्या दर्जाचे गोडवे गात बसली नाही. तिने सरळ गणित मांडलं: अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीइतकं काम करतं. महाग का घेता, या प्रश्नाला तिने हिशेबाच्याच भाषेत उत्तर दिलं, आणि तेही ज्या बाईला तो प्रश्न पडला होता तिच्यासारखीच होऊन.

मजकूर म्हणून ललिताजीला तोड नाही. तरीही खपात निरमाने सर्फला मागे टाकलंच, आणि दशक संपता संपता हिंदुस्तान लिव्हरला व्हील ही स्वस्त पावडर बाजारात आणावी लागली. चौपट किमतीचं अंतर लाखो घरांच्या दृष्टीने खरंच मोठं होतं. चांगला मजकूर योग्य गिऱ्हाइकाला माल नीट समजावून देतो. ज्याला तो परवडत नाही त्याच्या खिशात पैसे तो घालू शकत नाही.

आता एक मजकूर जवळून पाहू. लाकडी घाण्याचं तेल काढणारे छोटे उद्योग गेल्या काही वर्षांत गावोगाव उभे राहिले आहेत. त्यांचा व्हॉट्सॲपवरचा संदेश साधारण असा असतो: ‘नमस्कार! आमच्याकडे १०० टक्के शुद्ध, नैसर्गिक, केमिकल-फ्री, आरोग्यदायी व उत्कृष्ट दर्जाचे लाकडी घाण्याचे तेल अत्यंत वाजवी दरात मिळेल. गुणवत्ता हीच आमची ओळख. एकदा अवश्य भेट द्या.’ यात शेंगदाण्याचं तेल आहे की करडईचं, ते कळत नाही. दुकान कुठे आहे, ते नाही. दर नाही. पुड्यातल्या तेलाच्या कितीतरी जास्त पैसे का मोजायचे, याबद्दल एक अक्षर नाही. एवढ्या विशेषणांतलं एकही वाचणाऱ्याला तपासून पाहता येत नाही.

याच घाणेवाल्याच्या दुकानात अर्धा तास बसलं तर गिऱ्हाइकं काय विचारतात ते कळतं. एवढं महाग का? तळताना फेस येतो म्हणतात, खरं का? किती दिवस टिकतं? यात रिफाइंड मिसळत नाही कशावरून? मजकुराचा कच्चा माल म्हणजे हेच प्रश्न. ते समोर ठेवून लिहिलं तर काहीसं असं उतरेल:

‘लाकडी घाण्यावरचं शेंगदाणा तेल. एका लिटरला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात, म्हणून ते पुड्यातल्या तेलापेक्षा महाग पडतं. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी घाणा चालू असतो, समोर उभं राहून पाहा. स्वतःचे शेंगदाणे आणलेत तर त्याचंही तेल काढून देऊ, पेंड तुमचीच. रिफाइंड करताना जे चिकट घटक काढून टाकतात ते यात राहतात, म्हणून तळताना थोडा फेस येतो. पाव लिटरची बाटली आहे, आधी फोडणीला वापरून बघा.’ खाली दर, पत्ता, फोन.

अडीच किलो शेंगदाण्यांचं वाक्य इथे सगळं काम करतं. शेंगदाण्याचा भाव गृहिणीला पाठ असतो. ती मनातल्या मनात गुणाकार करते आणि किमतीचं कोडं तिचं तीच सोडवते. विक्रेत्याला ‘वाजवी’ म्हणावंच लागत नाही. उलट दुसरीकडे कुणी याहून फार स्वस्तात घाण्याचं तेल देऊ लागला, तर त्याच गुणाकाराने तिला शंका येते. घाणा चालू असतानाची वेळ दिल्यामुळे भेसळीच्या शंकेला उत्तर मिळतं, कारण ज्याला लपवायचं आहे तो वेळ देत नाही. फेसाबद्दल आधीच सांगितल्यामुळे पहिल्याच भजीच्या घाण्याला गिऱ्हाईक दचकत नाही आणि तक्रारीचा फोन येत नाही. आणि पाव लिटरची बाटली पहिलं पाऊल सोपं करते. अनोळखी दुकानातून पाच लिटरचा डबा उचलायला कुणीही कचरतं.

हा मजकूर आधीच्यापेक्षा लांब आहे, आणि लोक हल्ली वाचत नाहीत हा आक्षेप लगेच येईल. तो अर्धाच खरा आहे. ज्याला तेल घ्यायचंच नाही तो चार शब्दही वाचणार नाही. ज्याला घ्यायचं आहे, पण मन होत नाही, त्याला अडवून धरणाऱ्या शंकांची उत्तरं हवी असतात आणि तो ती शोधून वाचतो. डेव्हिड ओगिल्वी या जाहिरात-लेखकाने तरुणपणी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकल्या होत्या, त्यामुळे शंकेखोर गिऱ्हाइकाशी त्याची जुनी ओळख होती. १९५८ मध्ये रोल्स रॉइस गाडीची जाहिरात लिहिण्यापूर्वी तो तीन आठवडे गाडीविषयी वाचत बसला. ताशी साठ मैल वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेवरच्या घड्याळाचा येतो, हा त्याचा मथळा जगभर गाजला. पण त्याखाली बारीक अक्षरांत भरगच्च मजकूर होता: प्रत्येक इंजिन बसवण्यापूर्वी सात तास पूर्ण वेगाने चालवून पाहतात, रंगाआधी प्रायमरचे पाच हात आणि प्रत्येक हातानंतर हाताने घासणी. सारा मजकूर तपशिलांचा. मात्र मथळा वाचणारे खालचा मजकूर वाचणाऱ्यांच्या पाचपट असतात, असंही ओगिल्वीच सांगत असे. म्हणून सर्वांत वजनदार तपशील पहिल्या ओळीत जायला हवा. व्हॉट्सॲपवर लांब संदेश मध्येच तुटतो आणि पुढचं वाचायला बोट टेकवावं लागतं. ‘नमस्कार’ आणि सणाच्या शुभेच्छांमध्ये सुरुवातीच्या ओळी खर्च झाल्या, तर तेल कशाचं ते बहुतेकांना कळतच नाही.

स्पष्ट बोलण्याची एक जबाबदारीही येते. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये जाहिरात दिली की आमचं औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही कुणाला फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ, आणि त्यासाठी हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी ते वापरलं, त्यांना फ्लू झाला, आणि कंपनीने हात वर केले. अपील न्यायालयाने निकाल दिला की एवढं नेमकं वचन म्हणजे करारच, पैसे द्यावे लागतील. कायद्याचे विद्यार्थी आजही करार शिकताना या खटल्यापासून सुरुवात करतात. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. घाण्याच्या तेलाने मधुमेह बरा होतो असं लिहिणारा १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. आणि सगळ्यांचं लाडकं ‘१०० टक्के’ हे बिरुद तर अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच मे २०२५ मध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर आणि प्रचारात वापरू नका असं बजावलं, कारण नियमांत त्याची व्याख्याच नाही. अडीच किलो शेंगदाण्यांच्या वाक्याला अशी कसलीच भीती नाही, ते खरं असेपर्यंत.

मजकूर जमला की नाही हे लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही, तसंच त्याच्या घरच्यांनाही. हॉपकिन्सच्या काळात जाहिरातीत कापून पाठवायचं कूपन असे आणि प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण. कोणत्या मजकुराला किती कूपनं आली ते मोजून पुढचे पैसे कुठे घालायचे ते ठरे. आज छोट्या उद्योजकाला याहून सोपी सोय आहे. ओळखीच्या दोनशे नंबरांपैकी शंभरांना एक मजकूर, शंभरांना दुसरा. मोजायचं ते अंगठे आणि फुलं नव्हे, तर पत्ता विचारणारे आणि दुकानात येणारे. उत्तरादाखल आलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवायचे. ‘घरपोच देता का’ असं दहा-बारा जणांनी विचारलं, तर पुढच्या मजकुरात त्याचं उत्तर वरच्या दोन ओळींत जातं आणि घाण्याचं वर्णन तेवढं खाली सरकतं.